दुसऱ्याच्या घरी खाकरून जावं

माणूस मेला की मनमिळाऊ होतो. आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे सर दिवाळीच्या सुट्टीत हार्ट अटॅकने गेले, आणि डिसेंबर संपेपर्यंत माझ्या टेबलावर त्यांच्या आठवणींचे वीसेक कागद येऊन पडले. मित्रांचे, सहकाऱ्यांचे, जुन्या विद्यार्थ्यांचे. निम्म्याहून जास्त कागदांत सर मनमिळाऊ होते आणि उरलेल्यांत हसतमुख. मी बारा वर्षं स्टाफरूममध्ये त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले. ते दोन्ही नव्हते.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. सरांवर एक स्मरणिका काढायची आणि फेब्रुवारीतल्या स्नेहसंमेलनात तिचं प्रकाशन करायचं, असं प्राचार्यांनी ठरवलं. मी मराठी शिकवायची, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला ते आवडलंही. चुकलेलं काही समोर आलं की माझे हात शिवशिवतात. आलेल्या लग्नपत्रिकासुद्धा मी लाल पेन घेऊन वाचते. या सवयीने मी काय करून बसले ते सांगायचं आहे. त्या स्मरणिकेत माझा स्वतःचा लेख नव्हता. तो हा समजा.

सर लांडग्यांचा अभ्यास करायचे. बाकीचे प्राध्यापक हिंगोलीत प्लॉट घेत होते तेव्हा यांनी गोरेगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. गोरेगाव आणि साखऱ्याच्या मधे एक माळ आहे, त्या माळावर एक टेकडी आहे आणि टेकडीत लांडग्यांचं बीळ आहे. टेकडी नेमकी कोणती ते मी सांगणार नाही. सर रोज दिवस उगवताना तिथे जायचे, तासभर बसायचे, लिहायचे आणि आठच्या जीपने कॉलेज गाठायचे. वर्षानुवर्षं, पावसापाण्यातसुद्धा. एक दिवस चुकला की नोंदवहीत लाल शाईने ‘खाडा’ लिहायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.

लांडग्यांची विष्ठा ते कागदाच्या पुड्यांत बांधून आणायचे. त्यावर तारीख, वार, जागा. स्टाफरूमच्या कपाटात खालचा कप्पा त्या पुड्यांचा. ती धुऊन गाळून त्यात कुणाचे केस निघतात ते बघायचं, म्हणजे लांडग्याने काय खाल्लं ते कळतं. एकदा त्यांची गाळणी हरवली तेव्हा त्यांनी आमच्या चहाची घेतली, आणि धुऊन परत ठेवली. हे आम्हाला आठवड्याने कळलं. आलेल्या वीस कागदांपैकी एकातही ती गाळणी नव्हती, म्हणून म्हटलं इथे तरी लिहावी.

त्यांचा एक खाकी कोट होता. कोपरांवर ठिगळं, आणि पाणी कधी न लागलेला. “धुतला की मी त्यांना परका होतो,” असं ते म्हणायचे. ‘त्यांना’ म्हणजे लांडग्यांना. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तो कोट घरात घेत नसत. बाहेर न्हाणीच्या भिंतीवर त्याची वेगळी खुंटी होती.

आणि ते खाकरायचे. याबद्दल एकच कागद नीट बोलत होता. तो सिद्धेश्वर धरणावरच्या एका मासेमाराचा होता. सर तिथे हिवाळ्यात बदकं मोजायला जात. त्याने पोरीकडून लिहवून घेतलं होतं: “सर झुडपाच्या आडून निघायच्या आधी खाकरायचे. मी इचारलं, सर, पाखरं उडतील की. म्हणे, उडू देत, पण दचकून उडू नयेत. दुसऱ्याच्या घरी जायचं तर खाकरून जावं.” या कागदाला मी लाल पेन लावलं नाही.

आमच्याकडे घरातली मोठी माणसं ओसरीवर आली की खाकरायची, म्हणजे आतल्या बायका पदर सारखा करायच्या. सरांनी तीच रीत रानात नेली. दोनदा, आखूड, मधे श्वासाएवढं अंतर. स्टाफरूमच्या दारातही तसंच. तो आवाज आला की आम्ही त्यांच्याविषयी बोलणं थांबवायचो.

दहाव्याच्या दिवशी गोरेगावच्या ओढ्याकाठी कावळा शिवेना. बायका सहसा तिथे जात नाहीत. वहिनी गेल्या म्हणून मी गेले. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण पिंड मांडलेले होते, बाभळीवर पाच-सहा कावळे बसले होते, आणि एकही खाली उतरत नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन गेलेल्याला शब्द देऊ लागला. वहिनींचा भाऊ म्हणाला, ताईला अंतर देणार नाही. प्राचार्य म्हणाले, तुमची स्मरणिका काढू. कावळ्यांनी स्मरणिकेला भीक घातली नाही. तास गेला. वहिनींनी माझा दंड धरला होता, त्यात त्यांची नखं रुतली होती.

शेवटी मागून सरांचा साथीदार पुढे आला. हा शेजारच्या तांड्यावरचा. याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख हिंडायचे. हा कोरडवाहू शेती करायचा आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा. वाकलेलं गवत बघून लांडगा कोणत्या अंगाला गेला ते सांगायचा. दहा वर्षं तो सरांबरोबर त्या टेकडीवर चढला होता. तो पिंडाजवळ उकिडवा बसला, आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलला, आणि कावळा त्याच्यापासून हातभर अंतरावर उतरला.

परतताना मी त्याला विचारलं, “काय म्हणालात हो?”

“खाडा पडू देनार न्हाई म्हणलो. दुसरं काय.”

वहिनींनी तो कोट त्याच दिवशी त्याला देऊन टाकला. चार दिवसांनी तांड्याची टोळी ऊसतोडीला निघाली. ट्रक गोरेगावातून गेला तेव्हा हा टपावर बसलेला सगळ्या बाजाराने पाहिला. मला तेव्हा त्याचा थोडा राग आला. शब्द देऊन आठवडा झाला नव्हता.

मग आणखी तीन कागद आले.

पहिला साखऱ्याच्या एका शिक्षकाचा, आंतरदेशीय पत्रावर. त्यांनी लिहिलं होतं: “सरांचे अखेरचे दर्शन मला दत्तजयंतीच्या सकाळी झाले. दाट धुके होते. ते कोट घालून टेकडीकडे चालले होते. मी हाक मारली, पण त्यांनी वळून पाहिले नाही. ते गेल्यावर बारीक किणकिण ऐकू आली.” मी हसले. सर दिवाळीत गेले, दत्तजयंती मार्गशीर्षात येते. मी ‘दत्तजयंती’ खोडून ‘दसरा’ केलं. दसऱ्याला धुकं नसतं म्हणून धुकंही काढलं. किणकिणीपुढे समासात ‘काव्य नको’ असं लिहून तीही उडवली.

दुसरा कागद जीपवाल्याचा. हाच सरांना रोज आठला सेनगाववरून हिंगोलीला आणायचा. त्याने लिहिलं होतं की सर त्याला शेवटचे संक्रांतीच्या आधी चार दिवस दिसले, बांधावरून चालताना, आणि नेहमीसारखे हॉर्नला दाद न देता गेले. संक्रांत होऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. माझं लाल पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

तिसरा गोरेगावच्या एका दुकानदाराचा, सरांचा जुना विद्यार्थी. त्याने फारसं काही लिहिलं नव्हतं. “सर गेले असे आम्हाला वाटत नाही. सकाळी टेकडीकडून त्यांचे खाकरणे ऐकू येते. आता तिकडे कुणी शेळ्या नेत नाही.” शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी शनिवारी संध्याकाळी गोरेगावला वहिनींकडे मुक्कामाला गेले. तीन महिन्यांत त्या वाळून अर्ध्या झाल्या होत्या. चहा ओतता ओतता त्यांनी विचारलं, “तुम्हीही ऐकलंत?” मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “लोक घरी येऊन सांगतात. शांत करा म्हणतात. कावळा उशिरा शिवला ना. माझंच काहीतरी राहिलं असेल.” बत्तीस वर्षं ज्या बाईने लांडग्याचा वास घेऊन संसार केला, तिला आता लोक हे ऐकवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ठरवलं, सकाळी जाऊन काय ते बघून यायचं आणि याचा निकाल लावायचा.

दिवस उगवायच्या सुमाराला मी माळावर होते. धुकं इतकं की दहा पावलांवरची पळसाची झाडं येत होती आणि जात होती. तुरीच्या शेतात वाळके सोट उभे होते. कुसळी गवत साडीला धरत होतं. पाखरांचा आवाज नव्हता. मी स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकत चालले होते, आणि एका क्षणी मला कळलं की आवाज दोन आहेत.

मी थांबले. दुसरा आवाज थांबला नाही. उजव्या हाताला बांधावरून एक माणूस चालला होता. खाकी कोट, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, पाठीत किंचित वाकलेला. सर तसेच वाकून चालायचे. “सर,” मी म्हटलं. माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्याने वळून पाहिलं नाही. तो पुढे गेला, धुक्याने त्याला घेतलं, आणि मागे बारीक किणकिण राहिली. मी स्वतः खोडलेली.

मग टेकडीच्या पायथ्याशी तो खाकरला. दोनदा. आखूड. मधे श्वासाएवढं अंतर.

मी पळाले नाही, यात शौर्य काही नाही. पाय उचलत नव्हते. मी ‘मी मानत नाही, मी मानत नाही’ असं मनात घोकत होते. ते घोकत असतानाच वरून, टेकडीच्या माथ्याकडून, पुन्हा तसंच खाकरणं आलं. तो माणूस इतक्या लवकर वर पोचणं शक्य नव्हतं. मी आवाजाच्या दिशेने नाही, पायथ्याशी धुक्यात अंधुक दिसणाऱ्या, खाली बसलेल्या कोटाच्या दिशेने गेले. एकटं उभं राहण्यापेक्षा भुताजवळ जाणं मला बरं वाटलं.

कोटाखाली आरसे लावलेला घागरा होता. बाहीतून मनगटापर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेला हात बाहेर आला आणि त्याने मला खाली बसायची खूण केली. ती साथीदाराची आई होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात. सर तिला तसंच म्हणत, म्हणून मीही. उंच, हाडकुळी, सत्तरीची बाई. घागऱ्याला शिवलेली जुनी नाणी चालताना वाजत होती.

“काहून आल्या बाई एवढ्या सकाळी?” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“याडी, तुम्ही? मी तर...”

“पोरगं उसाला गेलं. जायाचं न्हवतं त्याला, पन खानार काय. कोट ठेवून गेलं. खाडा पडू देऊ नको म्हणलं. तवापासून मी येऊन राहिले.”

“आणि ते वरचं कोण?”

“लांडगी हाय. व्याली हाय ती. चार लेकरं हायेत. मानसाची चाहूल लागली की खाकरती, म्हंजी लेकरं आत पळत्यात.” ती जराशी हसली. “सरानी तिच्याकडून घेतलं का तिनं सराकडून, कुनाला ठाव.”

मी म्हटलं, “अहो, पण लोक घाबरतात. हाक मारली तर ओ द्यायची.”

“घाबरू द्या की. महिन्याखाली चार मानसं वाळलं गवत अन् मिरच्या घेऊन आली होती, बिळात धूर कराया. धुक्यात कोट दिसला अन् पळाली. तवापासून कुनी फिरकत न्हाई.” तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “होळीला पोरगं येतंय. तवर लेकरं पळाया लागतील, मग कुनाच्या हाती लागत न्हाईत. तवर कुनाला सांगू नका बाई.”

“नाही सांगणार,” मी म्हटलं. किती सहज म्हटलं. त्या सहजपणाची मला अजून लाज वाटते.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा तिने बोट दाखवलं. बिळाच्या तोंडाशी मातीच्या रंगाचं काहीतरी हललं, दोन कान दिसले, आणि ते आमच्याकडे बघून पुन्हा खाली बसलं. ते कोटाकडे बघत होतं. कोटाच्या आत कोण आहे याच्याशी त्याला काही घेणं नव्हतं.

वहिनींना मी इतकंच सांगितलं की भूत नाही, तुमचं काही राहिलेलं नाही, बाकी होळीनंतर सांगेन. त्यांनी विचारलं नाही. मी दहाच्या जीपने हिंगोलीला निघाले.

जीपमध्ये अठरा माणसं. मधल्या सीटवर मी, आणि विषय सरांचा. जीपवाला सांगत होता कसा त्याने हॉर्न दिला. माझ्या मागून एक जण म्हणाला, “बायकोनंच दहाव्याला कमी केलं असंल काही. जीव अडकून राहिला ना त्याचा.” दुसरा म्हणाला, “घरात तकलीफ असंल मानसाला. न्हाई तर लांडग्यात जाऊन काहून बसंल?” आणि दोघं हसले.

मला वहिनींचा चेहरा दिसला. मी मागे वळले आणि शिक्षिकेच्या खणखणीत आवाजात, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाले, “भूत नाही आणि बित नाही. तांड्यावरची याडी आहे ती. सरांचा कोट घालून बिळावर लक्ष ठेवायला जाते. उगाच सज्जन बाईला नावं ठेवू नका.”

मग मागचा म्हणाला, “अस्सं. म्हातारीच व्हय मग.” सगळे हसले. मला बरं वाटलं. एक चूक दुरुस्त केली, असं वाटलं. सेनगाव मागे पडल्यावर, मोकळ्या रस्त्यावर जीप वेगात असताना, मी काय बोलले ते मला ऐकू आलं.

सोमवारी मी परत जाऊ शकले असते. रजा होती. मी गेले नाही. प्रेसमधून स्मरणिकेची मुद्रितं आली होती, ती तपासत बसले. मनात म्हणत होते, जीपमधलं बोलणं कोण लक्षात ठेवतं. मंगळवारीही तेच म्हणत होते. गुरुवारी मला राहवलं नाही.

टेकडीच्या पायथ्याशी पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. सगळं स्पष्ट दिसत होतं आणि तेच वाईट होतं. बिळाचं तोंड काळं झालं होतं. त्यात बाभळीच्या काट्या आणि धोंडे कोंबले होते. जळक्या मिरचीचा खाट अजून घशाला लागत होता. समोर चार ठिकाणी माती उकरून पुन्हा नीट दाबलेली होती. बाजूला याडी बसली होती, कोट घालून.

“मंगळवारी आले होते,” ती म्हणाली. “मी खाकरले. ते हसले.”

मी तिच्यासमोर बसले.

“तुमी सांगितलं व्हय?”

“हो.”

“काहून?”

“वहिनींना नावं ठेवत होते.”

तिने त्यावर विचार केला. खरंच केला, तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. “बराबर हाय,” ती म्हणाली. “राग येतो मानसाला.” ती मला बोलली असती, थोबाडीत दिली असती, तर मी आज हे लिहीत बसले नसते. मी तिथे रडले. तिने रडू दिलं. मग उठून तिने कोट काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. “लांडगी काल सकाळी येऊन हिथं बसली. आज आली न्हाई. आता म्हातारीला कोन भितंय. घेऊन जा हे.”

स्मरणिका वेळेवर निघाली. तिच्यात सर दिवाळीत वारले आहेत आणि त्यानंतर कुणालाही दिसलेले नाहीत. तिच्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी ती एकदाही उघडलेली नाही.

होळीनंतर साथीदार परत आला आणि सरळ कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. आईने त्याला सांगितलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तो म्हणाला, “माझ्या शब्दाला खाडा पडला बाई. आता ऊस असतो तवा तुमी जायाचं.” त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, आणि मला तेच हवं होतं. रोज जाणं मला जमणार नव्हतं. शनिवारी वहिनींकडे मुक्काम, रविवारी सकाळी टेकडी. दिवाळीची आणि नाताळची सुट्टी पूर्ण. ऊसतोडीचे पाच महिने मी, बाकीचं वर्ष तो.

पहिल्या हिवाळ्याआधी आम्ही दोघांनी ते धोंडे काढले होते तेवढंच. बिळात कुणी आलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तोंडाशी कोळ्याचं जाळं होतं. तिसऱ्यात साळिंदराचे काटे सापडले. त्याच वर्षी याडी गेली. हिंगोली जिल्हा झाला, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, जीपवाल्याच्या खिशात मोबाइल आला. माझे गुडघे कुरकुरायला लागले. मी कोट घालून पायथ्याशी उभी राहायची, दोनदा खाकरायची आणि रिकाम्या टेकडीवर चढायची. सुरुवातीला वेड्यासारखं वाटायचं. नंतर वाटेनासं झालं. माळावर भेटणारे लोक मला ओळखत होते. तरी धुक्यात लांबून कुणी दिसलं तर ते वाट बदलायचे, आणि मी त्यांना हाक मारत नसे.

एका रविवारी परत आले तर न्हाणीच्या भिंतीवरची खुंटी वहिनींनी काढून टाकली होती. मी कोट कुठे ठेवू विचारलं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आत नेऊन सरांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला.

मग तो जानेवारी आला. पाचवा किंवा सहावा हिवाळा असेल. तसंच धुकं, तशाच पळसाच्या येणाऱ्या-जाणाऱ्या सावल्या. मी कसल्याशा उत्तरपत्रिकांचा विचार करत चालले होते, कोणाला किती मार्क वाढवायचे याचा. त्या नादात पायथ्याचा दगड मागे पडला, मी चढायला लागले, आणि खाकरायचं राहून गेलं.

वरून खाकरणं आलं. दोनदा, आखूड, मधे श्वासाएवढं अंतर.

पहिला विचार सरांचाच आला, खोटं कशाला सांगू. अंगावरच्या त्या कोटात मी इतकी लहान झाले की बाह्या रिकाम्या वाटल्या. मग काहीतरी घाईने मातीवरून सरकल्याचा आवाज झाला, लहान लहान पायांचा, एकापेक्षा जास्त. आणि शांतता. वर कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, ते मला दिसत नव्हतं, आणि आपल्या घरात कोण न विचारता शिरतंय हे ते बघत होतं.

मी दोनदा खाकरले. उशिराच, पण खाकरले. मग पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत खाली उतरले.

दहाच्या जीपमध्ये मी मधल्या सीटवर बसले. वहिनींकडे न थांबता तशीच आले होते, म्हणून कोट पिशवीत घडी करून पायाशी ठेवला होता. जीपवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

“काय झालं बाई? चेहरा काहून उतरला? दिसलं का काही टेकडीवर?”

मागच्या सीटवरचे पुढे झुकले. सगळे ऐकत होते. मी तसंच मागे वळले आणि तसाच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज काढला.

“सर दिसले,” मी म्हणाले. “धुक्यात उभे होते. कोट घालून.”

जीपवाल्याने एक हात कपाळाला लावला. या वेळी कुणी हसलं नाही. आणि ते सांगताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलं नाही.